गोव्यात बेटावर राहायचंय? मग दिवाडीला राहा (आमचे तीन दिवस, सहा फेरीबोटी)

ताईचं कुटुंब डिसेंबरमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे फोंड्याला आलं आणि यायच्या आधीच तिने फोनवर सांगून ठेवलं होतं, यावेळी मला बेटावर जायचंय, ते बाकी चर्च आणि मार्केट बघून झालंय. आता गोव्यात बेट म्हणलं की लोकांच्या डोक्यात पहिलं येतं ते ग्रँड आयलंड, स्नॉर्कलिंग, डॉल्फिन वगैरे. मी तिला म्हणलं की बेटं आमच्याकडे मांडवीत आहेत, दिवाडी आहे, चोडण आहे, माणसं राहतात तिथे, शेती आहे. तिला काही पटलं नाही, नदीतलं बेट म्हणजे काय बेट, समुद्र पाहिजे. मग आम्ही दोन्ही केलं, म्हणून हे लिहितेय, कारण दोन्हीतला फरक एका आठवड्यात डोळ्यांनी बघितला आणि पुढच्या माणसाचे पैसे आणि दिवस वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आधी समुद्रातल्या बेटाचं सांगते आणि मोकळी होते. ग्रँड आयलंड हे वास्कोच्या, मुरगावच्या समोर समुद्रात आहे, माणूस वस्ती नाही, खडक आणि झाडी. ताईने किनाऱ्यावरच्या एका एजंटकडे पॅकेज घेतलं, नाव लिहित नाही. सांगितलं होतं सकाळी आठला बोट, दोन तास बेटावर, स्नॉर्कलिंग, डॉल्फिन, जेवण. प्रत्यक्षात बोट सुटली पावणेदहाला, बोटीत खच्चून माणसं, बेटावर उतरवलंच नाही, बेटाच्या आडोशाला बोट उभी केली आणि एकेकाला लाइफ जॅकेट घालून पाण्यात सोडलं, मुखवटा तोंडाला लावून खाली बघ म्हणे, भाच्याला मोजून पाच मिनिटं मिळाली आणि पाणी त्या दिवशी इतकं गढूळ की त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. भाचीला बोट लागली, बिचारी सगळा वेळ ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून. डॉल्फिन दिसले, ते खरं आहे, गोव्याच्या किनाऱ्याजवळ कुबडवाले डॉल्फिन असतात ते वर्षभर दिसतात, पण एक पाठ वर आली की चार बोटी इंजिन फुल करून तिच्याकडे, ते बघून भावजींनाच कसंतरी झालं. ते म्हणाले, अगं जनावराला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि आपण त्याच्या डोक्यावर बोट नेतोय.

सगळेच असे असतील असं म्हणणार नाही. ज्यांना डायव्हिंगचं शिक्षण आहे, बुडालेली जहाजं बघायचीत, त्यांच्यासाठी ती जागा चांगली आहे असं डायव्हिंग करणारे सांगतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बरा असतो. पण लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन जाणार असाल तर नको, आणि जाणारच असाल तर बोटीत किती माणसं, बेटावर उतरणार की नाही, पाण्यात प्रत्येकी किती मिनिटं, हे तीन प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या.

आता दिवाडी.

जुन्या गोव्याला सगळेच जातात. बासिलिका बघतात, से कॅथेड्रल बघतात, उन्हात फोटो काढतात आणि परत गाडीत. तिथूनच खाली नदीकडे रस्ता जातो, वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते, त्या कमानीखालून पुढे गेलं की दोन मिनिटात फेरीचा धक्का. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळी स्टेशनला उतरावं, ते जुन्या गोव्याला लागूनच आहे, मडगावपर्यंत जायची गरज नाही. फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी बोट, पुढे मोठं फळकूट असतं ते धक्क्याला टेकतं, गाड्या मधे, माणसं कडेला उभी. चालत चढलो तर कोणी पैसे मागितले नाहीत. आमच्या दोन गाड्या होत्या, आमच्या सासूबाई (पुढे आई म्हणलंय त्या याच) आणि मुलं चालत चढली आणि आम्ही गाडी घेऊन. पहिल्यांदा नेणाऱ्यांसाठी सांगते, घाबरू नका, बोटीवरचा माणूस हाताने दाखवतो तिथे लावायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची. फळकुटाच्या उतारावर छोट्या गाडीची पुढची बाजू घासू शकते, ओहोटीला उतार जास्त असतो, तेव्हा अगदी सावकाश. भावजींनी घाटात आयुष्यभर गाडी चालवलीय पण तिथे त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि उतरल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, एकदम खूश.

नदी ओलांडायला जेमतेम पाच-सात मिनिटं लागतात. पण पलीकडे उतरलं की आवाज बदलतो, हे मी फोंड्यात चौदा वर्षं राहून पहिल्यांदा अनुभवलं म्हणजे बघा. धक्क्यावरून सरळ रस्ता जातो तो दोन्ही बाजूंनी शेत आणि पाणी, मधून एकच रस्ता, बगळे अगदी रस्त्याच्या कडेला, गाडी आली तरी उडत नाहीत. पुढे टेकडीच्या पायथ्याशी पिएदाद गाव. जुनी घरं, पुढे बलकांव म्हणजे बसायच्या दगडी बाकांचा व्हरांडा, शिंपल्यांच्या खिडक्या. आम्ही अशाच एका जुन्या घरात दोन रात्री राहिलो. घरच्या काकी स्वतः स्वयंपाक करतात, काका सेवानिवृत्त, दोघं मागच्या बाजूला राहतात आणि पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. स्विमिंग पूल नाही, टीव्ही नाही, एसी एका खोलीत आहे. खोल्यांची छपरं उंच, कौलं, फरशी इतकी थंड की भाची दुपारी जमिनीवरच झोपली. डास संध्याकाळी साडेसहा ते आठ भरपूर, चारी बाजूला पाणी म्हणल्यावर ते असणारच, अंगाला लावायचं क्रीम विसरू नका. बाथरूम जुनं पण स्वच्छ, गरम पाण्याला थोडा वेळ लागतो. या सगळ्यासह मी त्या घराला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कमी तो गाद्यांमुळे, आईंची पाठ दुखली.

जेवणाचं मात्र सविस्तर लिहिणार. सकाळी सहालाच रस्त्यावर पोंप पोंप, पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, मुलं चड्डी-बनियनवर पळत गेली. पोई घ्यायची, गरम असते, आतून पोकळ, वरून कोंडा लागलेला असतो. काकींनी त्याच्याबरोबर पातळ भाजी केली होती वाटाण्याची. दुपारी शीत-हुमण म्हणजे भात आणि माशाची आमटी, उकड्या तांदळाचं शीत, हुमण बांगड्याचं, त्याला तिरफळ घातलेली. तळलेले मुड्डशे रव्यात घोळून, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर आणि सोलकढी. कोल्हापूरची माणसं तिखट नाही म्हणून पहिल्या घासाला जरा थांबली होती, भावजींनी कांदा-मिरची मागून घेतली, पण किसमूर खाल्ल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला, आणि ताईने काकींकडून कृती लिहून घेतली, सुकी सुंगटं नुसती भाजायची, कुरकुरीत झाली पाहिजेत, खोबरं ताजंच पाहिजे आणि कालवायची ते अगदी पानावर बसताना, आधी कालवून ठेवली की नरम पडते.

सोमवारी आईंचं शिवराक म्हणजे शाकाहारी असतं. हॉटेलात सोमवारी शिवराक मागितलं की आमच्याकडे पनीर पुढे येतं, आईंना ते आवडत नाही, म्हणून मी काकींना आदल्या रात्री घाबरत घाबरत विचारलं. काकी म्हणाल्या, विचारतेस काय, सांग फक्त किती जणं. आणि दुसऱ्या दिवशी मुगागाठी, खतखतें, केळ्याची कापं, आमसुलाची कढी. खतखत्यात किती भाज्या आहेत ते आई मोजत होत्या, अकरापर्यंत आल्या. आई कधी कोणाच्या हातचं फार वाखाणत नाहीत. त्यांनी ताट उचलताना काकींना हात जोडले, कोंकणीतून काहीतरी बोलल्या दोघी, आणि मग अर्धा तास बलकांवावर बसून होत्या. काकी चर्चला जाणाऱ्या, आई सोमवार करणाऱ्या, विषय चालला होता की आंबाड्याचं सासव बरं की अननसाचं.

दिवाडीत बघायचं काय, तर खरं सांगायचं तर फिरायचं. सायकल मिळते भाड्याने, काकांनी ओळखीतून चार आणून दिल्या. टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, तिथून खाली बघितलं की मांडवी वळण घेऊन जाते, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे झाडीतून वर आलेले, संध्याकाळी पाचनंतर जा. चर्चला लागून स्मशानभूमी आहे, तिथलं छोटं चॅपेल मात्र बघाच, त्याचं नक्षीचं छत आणि दगडी जाळीची खिडकी कदंबांच्या काळच्या देवळातली आहे असं सांगतात. शांतपणे जा, ती लोकांच्या घरच्या माणसांची जागा आहे, तिथे पोझ देऊन फोटो काढू नका. आम्ही गेलो तेव्हा एक बाई मेणबत्ती लावत होत्या, मुलांना मी बाहेरच थांबवलं त्या जाईपर्यंत.

पण मुलांना सगळ्यात आवडली ती मानस. काका त्यांना सकाळी बांधावर घेऊन गेले आणि मीही गेले म्हणून मलाही कळलं, नाहीतर इतकी वर्षं इथे राहून मी नुसतं नाव ऐकून होते. ही जी शेतं आहेत ना बेटावरची, ती खाजन जमीन, म्हणजे खाऱ्या नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची, बांध घालून वाचवलेली. बांधात मधे मधे मानस असते, म्हणजे लाकडी दारं असलेलं तोंड. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, खारं पाणी आत येत नाही, ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. काकांनी भाच्याला तिथेच बसवून ठेवलं, ओहोटी सुरू होती, दाराच्या फटीतून आधी नुसता बुडबुडा आला, मग पाण्याची एक पट्टी, मग कुरकुर करत फळ्या हलल्या आणि एकदम धार सुटली. भाचा ओरडलाच, काका ते उघडलं! तो पाचवीत आहे, दाब हा धडा त्याला शाळेत शिकवून झालाय, तेव्हा मार्क पडले होते पण कळलं तिथे. मानशीच्या तोंडाशी मासे मिळतात म्हणून तिची दरवर्षी पावणी होते म्हणजे लिलाव, आणि पावसाळ्यात या शेतात कोरगुट नावाचा भात होतो जो खारं पाणी सहन करतो. आता बांध फुटायला लागलेत, बऱ्याच ठिकाणी शेत सोडून दिलंय आणि खारफुटी आत शिरलीय, ते बोलताना काकांचा आवाज खाली गेला. त्यांच्या लहानपणी सगळं गाव मिळून बांध बुजवायचं म्हणे.

दुसरा दिवस चोडणचा. दिवाडीहून रायबंदरला फेरी, आणि रायबंदरहूनच चोडणला दुसरी फेरी. रविवार होता, गर्दी होती, चारचाकीवाल्यांना दोन फेऱ्या थांबावं लागत होतं, म्हणून आम्ही गाड्या दिवाडीला ठेवून चालत गेलो आणि ते बरं केलं कारण अभयारण्य चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्यासारखंच आहे. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ साली झालेलं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळी खारफुटी. आत फरसबंद वाट आहे, वन खात्याचं तिकीट काढायचं. पण नुसती वाट चालून आलात तर निम्मंच बघितलं असं समजा, होडीतून जायला पाहिजे. इथे एक गोष्ट आमच्या काकांमुळे जमली. त्यांनी आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून भरती किती वाजता ते विचारून घेतलं. पाणी नसेल तर होडी चिखलात अडकते आणि पाणी फार असेल तर चिखलातले जीव दिसत नाहीत, म्हणून भरती ओसरायला लागते तेव्हा निघायचं. हे कुठल्याही पॅकेजवाल्याने सांगितलं नसतं.

होडी वल्ह्याची, इंजिन नाही. होडीवाले दादा साठीतले, बोलणं मोजकं. दोन्ही बाजूंनी तिवरांची मुळं, काही चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली, काही कमानीसारखी खाली उतरलेली, आणि ओल्या चिखलाचा तो वास, आधी नको वाटतो मग सवय होते. रातबगळे फांद्यांवर मान खांद्यात घालून बसलेले. खंड्या बघितला निळा-पांढरा, मानेला पांढरी पट्टी, दादांनी वल्हं थांबवून नुसतं हनुवटीने दाखवलं. ब्राह्मणी घार डोक्यावरून दोनदा गेली. पक्षी मोजायला आलेल्यांना आणखी पुष्कळ दिसतील, त्यांनी ऑक्टोबर ते मार्चमध्ये यावं, सकाळी लवकर, आणि दुर्बीण आणावी. आमच्या पोरांना मात्र पक्ष्यांपेक्षा निवट्यांनी वेड लावलं.

निवटी आम्ही खातो, बाजारात बघतो, पण जिवंत, चिखलावर चालणारी बघणं वेगळंच. बोटाएवढा मासा, डोळे डोक्याच्या वर आलेले, पुढच्या परांवर रेटा देऊन सरकतो, अगदी कोपरांवर रांगणाऱ्या बाळासारखा. एक दुसऱ्याच्या बिळाजवळ आला तर त्या दुसऱ्याने पाठीवरचा पर असा ताडकन उभा केला, आणि आलेला मागे मागे सरकला. त्याच्या बाजूला खेकडे, एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली करत बसलेले, शंभरेक तरी असतील, आणि होडी जवळ गेली की सगळे एका क्षणात बिळात आणि चिखल एकदम रिकामा. थोडा वेळ गप्प बसलो की एकेक करून परत वर. आमचा चिनू सात वर्षांचा आहे, घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो तिथे वीस मिनिटं तोंडावर हात ठेवून बसला होता, हात काढला तर खेकडे जातील म्हणून. ताई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आता मला कळलं तू कुठलं बेट म्हणत होतीस. मला फार बरं वाटलं त्या वेळी, खोटं कशाला सांगू.

होडीत एकच खटकलं, आमच्यामागून दुसरी एक होडी आली तिच्यात मोबाइलवर गाणी लावलेली, मोठ्याने. दादांनी हात वर करून थांबवायला सांगितलं, त्यांनी बंदही केली, पण पक्षी तोवर उडाले. कृपा करून असं करू नका.

तिसऱ्या दिवशी नार्वे, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते. ही फेरी लहान, पर्यटक जवळजवळ नाहीच, आमच्याबरोबर दोन स्कूटर आणि एक मासेवाली. नार्व्याला श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा देव मूळचा दिवाडीचा. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराचं नाव कोरलेलं असायचं. चौदाव्या शतकात बहामनींच्या स्वारीत देऊळ पडलं, मग विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते परत उभं केलं, आणि पुढे सोळाव्या शतकात, १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग विहिरीच्या काठाला लावलं होतं असं सांगतात, लोकांनी ते तिथून काढून नदीपार नार्व्याला नेलं, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायची आज्ञा दिली, त्याचा शिलालेख दारावर आहे, शके १५९० असा.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, ताईला गाडीत सांगितलंही होतं. पण ज्या पाण्यावरून आम्ही आत्ता दहा मिनिटांत गाडी घेऊन आलो, त्याच पाण्यावरून रात्री कधीतरी कोणीतरी ते लिंग नेलं असेल, जड दगड, छोट्या होडीत, वल्हं मारताना आवाज होऊ नये म्हणून जपत, हे फेरीत उभं राहिल्यावर अंगावर येतं. भावजी कोल्हापूरचे, शिवाजी महाराज म्हणलं की त्यांना सांगावं लागत नाही, ते शिलालेखासमोर उभे राहिले आणि चष्मा काढून, परत घालून अक्षर अक्षर लावत वाचत होते, श्रीशिवराज्ञा इथे आले आणि थांबले. मग भाच्याला जवळ घेतलं आणि त्याचं बोट धरून त्या अक्षरांकडे दाखवलं. काही बोलले नाहीत. आई गाभाऱ्याजवळ बसून होत्या. लिंग पैलूदार आहे, गुळगुळीत, समईच्या उजेडात चमकतं. देऊळ मोठं नाही, बैठं, कौलारू, वर घुमट, पुढे दीपस्तंभ. मधे पुष्कळ काम करून जीर्णोद्धार झाला आणि २०२३ मध्ये ते परत खुलं केलं, दुरुस्ती चांगली केलीय, चकचकीत टाइल्स लावून वाट लावलेली नाही याचा मला फार आनंद झाला. सोमवार असून गर्दी नव्हती. दुपारी बंद असतं तेव्हा चारनंतर जा.

नार्व्याहून परत दिवाडीला न जाता आम्ही आमोण्यावरून माशेलला आलो, घराची वाटच होती. माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी, अशी मूर्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हा देव पण चोडणचा, तिथून मयेला आणि मग माशेलला आला. म्हणजे आदल्या दिवशी जिथे आम्ही निवट्या बघत होतो त्या बेटावरची ही देवकी. ताईने ओटी भरली. बाजूला जुवें बेट आहे, सांतेस्तेव, तिथल्या लांबलचक सात शिरांच्या भेंड्या प्रसिद्ध आहेत, रस्त्यावर मिळाल्या म्हणून एक जुडी घेतली. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये जुव्यावर हल्ला करून पोर्तुगीजांची दाणादाण उडवली, व्हाइसरॉय स्वतः जखमी होऊन पळाला होता. भावजींना तिथे उतरायचं होतं पण अंधार पडला, मुलं पेंगायला लागली. ते पुढच्या वेळी.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. रोख पैसे जवळ ठेवा, बेटावर दुकानं छोटी आहेत. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता ते पोचल्या पोचल्या विचारून घ्या, नाहीतर जुन्या गोव्याला जेवायला जाऊन पलीकडेच अडकाल. एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना नेऊ नका, उकाडा सहन होत नाही. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं पण जून आणि जुलैमध्ये समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मोठी मासळी मिळणार नाही, नदीतलं आणि मानशीचं जे मिळेल ते खायचं, ते पण चांगलंच असतं. ज्यांना रात्री संगीत, बार, गर्दी हवी त्यांनी इथे येऊ नये, त्यांचाही हिरमोड आणि गावालाही त्रास. आणि मोठा ग्रुप असेल तर घरमालकांना आधी सांगा, ते ताजं आणून रांधतात.

खर्च म्हणाल तर ताईने ग्रँड आयलंडला चौघांचे एका दिवसाला जेवढे दिले, जवळपास तेवढ्यात त्या चौघांचं दोन रात्री राहणं आणि जेवण झालं. होडीचे पैसे वेगळे, तिथे घासाघीस करू नका, उन्हात दीड-दोन तास वल्हं मारणं म्हणजे काय ते दादांचे तळहात बघून कळतं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला बोंदेरा असतो, वाड्यावाड्यांची निशाणं घेऊन मिरवणूक निघते, पोरं बांबूच्या नळीतून फळं उडवतात त्याला फोटाश म्हणतात. काकांनी भाच्याला एक फोटाश करून दिलीय आणि ती सध्या कोल्हापुरात शेजारच्यांना त्रास देतेय असं ताईचा फोन आला होता परवा. त्याच फोनवर तिने त्या दिवसांसाठी तीन खोल्या धरून ठेवायला सांगितल्या, काकींना मी कळवलंय. त्या म्हणाल्या, येऊ दे, पण यावेळी आईंना पुढच्या खोलीतली नवी गादी देणार, कालच करायला टाकलीय.